एकोणीस नंबरची भेग

"या वेळचा रिपोर्ट परत येणार नाही!"

गोपीनाथ मेश्राम जेवता जेवता हे म्हणाले आणि लगेच दचकून इकडेतिकडे पाहू लागले, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. ऐकलं होतं. सुनंदाबाईंच्या हातातली पोळी तव्याच्या वर तशीच थांबली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून इतकं ठाम वाक्य त्या दुसऱ्यांदा ऐकत होत्या. पहिलं होतं, "मला वांगं चालतं."

मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता. बदल्या होत होत लखनौला पोचले आणि महानगर कॉलनीतल्या दोन खोल्यांत स्थिरावले. इमारतीला कुठे दुखतंय हे त्यांना भिंतीवर तळहात ठेवला की कळे. पण ते साहेबांना सांगायची वेळ आली की ते आधी माफीच मागत. त्यांच्या रिपोर्टात 'बहुधा', 'असे वाटते', 'चूक असल्यास क्षमस्व' इतक्या वेळा येई, की वाचणाऱ्याला इमारतीपेक्षा लिहिणाऱ्याचीच काळजी वाटू लागे. मग रिपोर्ट परत येत.

पण त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे जुनी कचेरी, म्हणजे कोर्टाची इमारत, आली. शंभर वर्षांची, चुन्यात बांधलेली, लखौरी म्हणजे बिस्किटाएवढ्या पातळ विटांची. एप्रिलपासून तिच्या वरच्या मजल्यावर आणखी तीन कोर्टांची दप्तरं लोखंडी रॅकांसकट चढवायची होती. इमारतीला हे झेपेल का, ते मेश्रामांनी सांगायचं होतं.

नाही झेपणार! तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूमची पूर्वेची भिंत तर आताच थकली होती. तिच्यात बोटभर रुंद भेग होती, आणि त्या भेगेला खुर्चीची पाठ टेकवून, एकतीस वर्षं, रेकॉर्ड सांभाळणारे अनीस मियाँ बसत होते.

"मियाँ, खुर्ची ज़रा उधर कर लीजिए," मेश्राम म्हणाले.

"क्यों साहब? इस दीवार से हमारा पुराना याराना है. यह हमें नहीं मारेगी."

"दीवार को यह बात मालूम नहीं है, मियाँ."

अनीस मियाँ गोड हसले आणि तिथेच बसून राहिले.

मेश्रामांनी ठरवलं, या वेळी 'बहुधा' नाही. पुरावा! त्यांनी एक एक भेग शोधली. सत्तेचाळीस निघाल्या. प्रत्येकीशेजारी लाल रंगाने ठळक नंबर घातला. प्रत्येकीवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. भिंत हलली की काच तडकते. काच कुणाची भीड धरत नाही. तिसऱ्या दिवशी अनीस मियाँच्या खुर्चीमागची, एकोणीस नंबरची काच तडकली. मेश्रामांना एवढा आनंद झाला, की त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

आता ही कचेरी. इथे माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नंबरासाठीच आलेली असतात. लाल रंगातला सरकारी नंबर भिंतीवर दिसला की त्याचा अर्थ विचारायचा नसतो, तो आपल्याला मिळवायचा असतो. व्हरांड्यात आपापल्या लाकडी तख्तावर बसणाऱ्या वकिलांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं, की खात्याने बसायच्या जागा आखून दिल्या!

पांढऱ्या मिशांचे बाजपेयी वकील मेश्रामांना जिन्यापाशी गाठून म्हणाले, "मेश्रामजी, हमें सात नंबर दिलवा दीजिए. धूप अच्छी आती है."

"वकीलसाहब, वह दरार है!"

"हाँ हाँ, दरार भी चलेगी."

शुक्रवारपर्यंत दोन मुनशांची, म्हणजे वकिलांच्या कारकुनांची, एकमेकांची गचांडी धरून झाली. कुणीतरी बाराचा एकवीस केला. एका तरुण वकिलाने तेहतीस नंबराखाली आपलं नाव आणि भेटण्याची वेळ रंगवून घेतली. 'जागावाटपात अन्याय' म्हणून एक अर्जही मेश्रामांच्या टेबलावर येऊन पडला. तो त्यांनी दोनदा वाचला. अर्जदाराचं म्हणणं त्यांना थोडं पटलंसुद्धा.

या सगळ्याचा सर्वांत जास्त ताप झाला नाज़िर श्रीवास्तवजींना. नाज़िर म्हणजे कचेरीचा कारभारी. झाडूपासून झुंबरापर्यंत सगळं त्याच्या ताब्यात. गृहस्थ सज्जन. सोमवारी मोठ्या साहेबांची कमिटी येणार आणि इथे भिंतीवरून मारामाऱ्या! त्यांनी हात जोडून मेश्रामांना सांगितलं, "आप इतवार को आराम कीजिए. हम सब सँभाल लेंगे."

मेश्रामांनी आराम केला. सोमवारी नवा शर्ट घालून, रिपोर्टाच्या चार प्रती काखेत धरून, ते स्कूटरवरून कचेरीत पोचले आणि फाटकातच थांबले.

कचेरी पांढरीशुभ्र झाली होती! दाढी करून, पावडर लावून मुलगी बघायला निघालेल्या म्हाताऱ्या विधुरासारखी दिसत होती. एक नंबर नाही. एक भेग नाही. श्रीवास्तवजी दारात फुलांचा हार घेऊन उभे.

"पूरा इतवार बीस मज़दूर लगाए," ते भारावून म्हणाले. "साहब लोग आ रहे थे, आपकी इज़्ज़त का सवाल था."

"और... दरारें?"

"सब भरवा दीं! एक भी नहीं छोड़ी!"

"और काँच?"

"फिंकवा दिया साहब. एक तो पहले से ही टूटा हुआ था."

मेश्रामांनी हार गळ्यात घालून घेतला. इन्स्पेक्शन म्हटलं की चुना, हा या इमारतीचा शंभर वर्षांचा धर्म. श्रीवास्तवजींचं तरी काय चुकलं होतं? तेवढ्यात जीप आली.

कमिटी तिघांची होती. अध्यक्ष टंडन साहेब. त्यांनी चहा घेतला, भिंतींकडे पाहून मान डोलावली, आणि रेकॉर्डरूममध्ये येऊन रिपोर्ट उघडला.

"सैंतालीस दरारें लिखी हैं आपने. एक दिखाइए."

मेश्राम पूर्वेच्या भिंतीपाशी गेले. तळहात टेकवला. तळहात पांढरा झाला. "सर, शायद यहाँ..."

"शायद?"

"चूना ज़रा खुरचना पड़ेगा, सर."

श्रीवास्तवजी कळवळले. "सरकारी पुताई है हुज़ूर, कल ही हुई है. बिना ऑर्डर के कैसे खुरचें?"

कमिटीलाही ते पटलं. रंग काढण्याची रीतसर परवानगी मागवावी लागणार होती. ती यायला जून उजाडला असता. रॅक एप्रिलमध्ये चढणार होते. टंडन साहेबांनी पेन काढलं आणि 'इमारत सुदृढ़' हे शब्द लिहायला घेतले. अनीस मियाँ त्याच भिंतीला टेकून, शेरवानीवर चुन्याचे ठिपके मिरवत, सगळ्यांकडे बघून हसत होते.

मेश्रामांचं लक्ष खिडकीकडे गेलं. गवंडी कालची हातोडी विसरून गेला होता.

"मियाँ, उठिए."

"क्यों साहब?"

"उठिए!!"

हा आवाज कुणाचा, म्हणून सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. अनीस मियाँ टुणकन उठले. मेश्रामांनी हातोडी उचलली, डोळे मिटले आणि घाव घातला.

आधी चुन्याचा पापुद्रा गळला. मग प्लास्टर. मग भिंतीने एक सुस्कारा सोडला, आणि लखौरी विटा पत्त्यांच्या कॅटासारख्या सरसर खाली आल्या. धूळ बसली तेव्हा खुर्ची दिसेना. तिच्या जागी कमरेएवढा ढीग होता. भिंतीत दारासारखं भगदाड पडलं होतं, आणि त्यातून व्हरांड्यातले बाजपेयी वकील दिसत होते. हातात चहाचा कप, तोंड उघडं.

"मेश्रामजी," त्यांनी अदबीने विचारलं, "यह दरवाज़ा किसके नाम खुला है?"

टंडन साहेब भिंतीइतकेच पांढरे झाले होते. "आपने दीवार गिरा दी!"

"नहीं सर. वह तो गिरी हुई ही थी. सिर्फ़ खड़ी थी."

अनीस मियाँ ढिगाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मेश्रामांचा चुन्याने माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

कमिटीचा अहवाल चार दिवसांत आला. इमारत सुदृढ असून, श्री. मेश्राम यांच्या कृत्यामुळे पूर्वेची भिंत धोकादायक झाली आहे. सबब तात्काळ टेकू द्यावेत, रेकॉर्डरूम रिकामी करावी, रॅक वर चढवू नयेत, भिंत नव्याने बांधावी. म्हणजे मेश्रामांच्या रिपोर्टात शेवटच्या पानावर जे जे मागितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने! फक्त कारण बदललं होतं. सोबत मेश्रामांना खुलासा मागणारं पत्र होतं. भिंतीवर किती घाव घातले? त्यांनी लिहिलं, 'एक.' पुढे सवयीने 'बहुधा' लिहिलं, आणि मग ते खोडलं.

"एका फटक्यात?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"अगं, त्यात माझं काही नाही. भिंतच संपलेली होती."

"असं बाहेर नका सांगू बाप्पा."

"पापा, पूरी क्लास को पता है," त्यांची मुलगी पिंकी अभ्यासातून डोकं वर काढून म्हणाली. "सब पूछ रहे हैं, आप बॉडी बनाते हैं क्या?"

मेश्रामांनी आपल्या दंडाकडे पाहिलं आणि शर्टाची बाही खाली ओढली.

महिन्याभराने लखनौजवळच्या चिनहटच्या एका सरकारी गोदामातून पत्र आलं. तिथल्या एका भिंतीची दुरुस्ती पाच वर्षं मंजूर होत नव्हती. आपण कृपया स्वतः यावं, हथौड़ा इथे मिळेल. मेश्राम दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी भीत भीत, नेहमीच्या नम्र भाषेत उत्तर लिहिलं, की मी आधी पाहणी करून सविस्तर रिपोर्ट देईन, चूक असल्यास क्षमस्व.

उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं.

"रिपोर्ट हमारे पास बहुत हैं."