मरळीच्या पोरांचं उष्टावण

बसा बाळांनो. गोष्ट जंगलातली आहे, तेव्हा आपल्या गावातल्या कोणाचा चेहरा आठवून हसायचं नाही. हसू आलंच तर खाली मान घालून हसा.

तर एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यात सगुणा नावाची मरळ राहायची. मरळ म्हणजे मासाच, पण पोरांच्या बाबतीत फार हळवी. इतर मासे अंडी घालून आपल्या वाटेने निघून जातात. मरळ पोरांपाशी थांबते, त्यांच्यावर पहारा देते.

सगुणाची अंडी फुटली. जिऱ्याएवढी पिल्लं बाहेर आली आणि पाण्यावर नुसती पडून राहिली. त्यांची तोंडंसुद्धा अजून उघडली नव्हती. पण प्रत्येकाच्या पोटाशी एक पिवळी पिशवी होती. जन्माला घालतानाच देवाने बांधून दिलेली शिदोरी. ती दोन-तीन दिवस पुरते, मग तोंड उघडतं आणि पोरं आपापलं खाऊ लागतात.

सगुणाला हे ठाऊक होतं. दुर्दैवाने जंगलात थोर मंडळीही होती.

बातमी कळताच अस्वल सरपंच काठावर हजर झाले.

"सगुणाबाई, अभिनंदन! उद्याच उष्टावण उरकून टाकू. खिरीची काहील चढवायला सांगितली आहे. यंदा दुप्पट!"

सगुणा झटकन काठ आणि पोरं यांच्या मधे आली.

कारण उष्टावण मागच्या वर्षीही झालं होतं. सगळ्या जंगलाने एकदिलाने काहीलभर खीर तळ्यात ओतली होती. ज्यांना तोंडच नाही ती पोरं काय खाणार? खीर आंबली, पाणी नासलं आणि सकाळी सगुणाची सगळी पोरं उलटी तरंगताना दिसली. तिचा आकांत ऐकवत नव्हता. मंडळींनाही मनापासून वाईट वाटलं. त्यांनी सभा घेतली आणि खीर कमी पडली असा निष्कर्ष काढला.

"सरपंच, तुमच्या पाया पडते," सगुणा म्हणाली. "पोरांची तोंडं अजून उघडली नाहीत हो."

"भूक मेलीय त्यांची. म्हणून तर खीर!"

"पण पोटाशी शिदोरी आहे त्यांच्या."

सरपंचांनी वाकून पाहिलं. "ही? ही सूज आहे, उपासमारीने आलेली. बाई, तुम्ही नुसत्या आई आहात. तुम्हाला यातलं काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी काठावर मांडव पडला. आंब्याची तोरणं लागली, केळीची पानं बांधली. गवा आला, कोल्हीण आली, घोरपड आली, रानडुकरं तर आधीपासूनच येऊन बसली होती. काहील पाण्याच्या कडेला आणून ठेवली आणि ती कलंडवायला सगळ्यांचे हात एकदमच पुढे झाले.

सगुणाचं रडून झालं होतं, विनवून झालं होतं. आता पोरं जाणार, हे तिला दिसत होतं. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने पाण्याबाहेर डोकं काढलं.

"सगळं रीतीप्रमाणे होऊ दे. पण पहिला घास मामाने भरवायचा असतो ना? मग मामा कोण?"

सगळे हात जागच्या जागी थांबले.

सगुणाला एक भाऊ होता, पण त्याला धवलराव बगळ्याने उन्हाळ्यातच गिळलं होतं.

"मी सरपंच," अस्वल म्हणालं. "जंगलातल्या झाडून सगळ्या पोरांचा मामा मीच."

"का म्हणून?" गवा फुरफुरला. "सगुणाच्या आईला मी ताई म्हणायचो."

"मग तू सगुणाचा मामा. पोरांचा आजोबा झालास!"

"म्हातारा कोणाला म्हणतोस रे?"

तेवढ्यात धवलराव एका पायावर उभे राहून शांतपणे म्हणाले, "सख्खा मामा माझ्या पोटात आहे. तेव्हा त्याचा मान ओघाने माझ्याकडेच येतो."

हे काहीतरी चुकतंय असं सगळ्यांना वाटलं, पण काय चुकतंय ते कोणाला सांगता येईना. गव्याने संतापून मांडवाच्या खांबाला धडक दिली. तोरणं आणि केळीची पानं पाण्यात पडली. मग रुसवे-फुगवे झाले, मध्यस्थ नेमले गेले, मध्यस्थही रुसले. रोज सकाळी भांडण नव्याने सुरू व्हायचं.

इकडे पाण्यात पडलेली पानं कुजू लागली. तोंडं वाकडी करू नका! काहीलभर खीर एका दिवसात सगळं पाणी नासवते. चार पानं सावकाश कुजतात आणि त्यांच्यापाशी डोळ्यांना दिसणारही नाहीत असे बारीक जीव वाढतात. पोरांची शिदोरी संपली, तोंडं उघडली, तीही सुईच्या टोकाएवढी. एवढ्याशा तोंडात मावेल असं खाणं आता समोरच वळवळत होतं. पोरं खाऊ लागली. सगुणाला इतका आनंद झाला की पहारा सोडून तिने तळ्याला एक चक्कर मारली.

पण हाय! वर मंडळींचं एकमत झालं. मामा म्हणून धवलराव ठरले. चोच पुसून ते पाण्यात उतरले. त्यांच्यामागे ताज्या खिरीची काहील निघाली. पोरांना अजून धड पळताही येत नव्हतं.

"फार छान झालं," सगुणा घाईघाईने म्हणाली. "मामा अगदी शोभून दिसतात. पण उष्टावणाआधी बारसं नको? नाव ठेवणार कोण? आत्या ठरली का?"

"आत्या मीच," घोरपड म्हणाली.

"तू?" कोल्हीण म्हणाली. "आरशात बघितलंयस कधी?"

हे भांडण मामाच्या भांडणापेक्षा पुष्कळ जास्त चाललं. धवलरावांना दोन्हीकडून साक्षीला ओढून नेलं. चव बघता बघता रानडुकरांनी काहील पुसून टाकली. तोवर पोरं बोटभर झाली आणि लालसर थवा करून आईमागून खोल पाण्यात फिरू लागली.

ते पाहून अस्वल सरपंचांचा ऊर भरून आला. "पाहिलंत? खीर लागू पडली!"

खिरीचा थेंबही पाण्यात पडला नव्हता. पण टाळ्या फार जोरात पडल्या. पुढच्या वर्षी तिप्पट खीर करायची आणि मामा-आत्या आधीच एकमताने ठरवून ठेवायचे, असं तिथल्या तिथे पक्कं झालं.

खोल पाण्यात सगुणाने पोरांना जवळ घेतलं. "चला रे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला मावशीचा मान काढू."

आता तात्पर्य नीट ऐका. एकजूट फार वाईट, बाळांनो. तुमच्या भल्याबद्दल थोरामोठ्यांचं एकमत होताना दिसलं, की घाबरायचं नाही. पहिला मान कोणाचा, एवढंच हळूच विचारायचं आणि बाजूला व्हायचं. ते भांडत राहतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही मोठे होता.