परतनाहीचा चष्मा

पेशंटच्या दिवसभराच्या गोळ्या पुड्यांत भरायच्या, पुडीवर नावाची पट्टी चिकटवायची आणि पुड्यांचा डबा हवेच्या नळीतून वरच्या वॉर्डात सोडायचा, हे हॉस्पिटलच्या तळघरात बसून ज्याचं काम होतं, त्याला वरच्या सगळ्या सिस्टर ‘परतनाही’ म्हणत. अर्थात पाठीमागे. एकदा पेशंटपर्यंत गेलेलं औषध पुन्हा साठ्यात घेता येत नाही, हा नियम तो इतक्या निष्ठेने पाळायचा, की न फोडलेली पुडी तशीच परत नेणारी सिस्टर जिना चढताना त्याच्या नावाने बोटं मोडायची. त्याला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तो त्यावर खूश होता.

त्या सकाळी घरून निघताना मात्र बायकोने दम भरला होता.

“अहो, हा तिसरा चष्मा. हा हरवलात, तर पुढच्याला दोरी लावून गळ्यात अडकवणार.”

“गळ्यात दोरी? मी काय म्हातारा झालोय?”

“मग हरवू नका.”

म्हणून तो चष्मा तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. दुपारी काच पुसायला त्याने चष्मा काढला आणि तेवढ्यात फोन वाजला. टेबलावर ठेवला तर कुणाचा तरी धक्का लागायचा, म्हणून त्याने तो समोरच्या, अजून बंद न केलेल्या पुडीत अलगद ठेवला. फोन संपला. हात सवयीचे गुलाम. त्यांनी पुडी बंद केली, पट्टी चिकटवली, डबा नळीत सरकवला. चष्म्याशिवाय जवळचं सगळंच धूसर, त्यामुळे पुडी जरा फुगीर आहे हे मालकाला दिसलंच नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. काखेत कळसा नको म्हणून त्याने आधी डोकं चाचपलं, मग खिसे, मग लशींचा फ्रिज. फ्रिजचं दार उघडं असतानाच त्याला पुडी आठवली आणि तोंडचं पाणी पळालं. त्याने वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, मघाच्या डब्यात चष्मा आलाय का एक?”

“आलाय ना. खिडकीजवळच्या आजोबांच्या पुडीत. दिला त्यांना.”

“दिला?”

“त्यांच्या नावाची पट्टी होती. जेवणानंतर, असंही लिहिलं होतं. म्हणून जेवण झाल्यावर दिला.”

“अहो, तो माझाय. परत पाठवा.”

पलीकडे जरा शांतता पसरली. त्या शांततेत जिन्यावरून परत गेलेल्या कितीतरी पुड्या होत्या.

“परत?” सिस्टर गोड आवाजात म्हणाली. “पेशंटपर्यंत गेलेलं परत नाही घेता येत. तुम्हीच शिकवलंत.”

आपलेच दात, आपलेच ओठ. तो धापा टाकत वर गेला. खिडकीजवळ आजोबा त्याचा चष्मा लावून गोळ्यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं मन लावून वाचत होते.

“आल्यापासून गोळ्या थुंकून टाकायचे,” सिस्टर हळूच म्हणाली. “काय देताय ते दिसत नाही, म्हणायचे. आज स्वतः वाचल्या आणि गिळल्या.”

आजोबांनी वर पाहिलं. “तुम्ही खालचे ना? अगदी बरोबर बसला बघा. एवढे डॉक्टर येऊन गेले, पण मला वाचता येत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं.”

चष्म्यासाठी पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. मग म्हणाला, “दोन्ही वेळा लावा. जेवणानंतर.”

“आणि परत?” सिस्टरने विचारलं.

“परत नाही,” तो म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

उरलेल्या पुड्या सहकाऱ्याने तपासल्या. संध्याकाळी घराच्या पायरीवर मात्र तो जरा रेंगाळला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चांगलं केलंत,” ती म्हणाली आणि कपाटातून तसाच दुसरा चष्मा काढून तिने स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर ठेवला. “मी दोन करून घेतले होते. तुमची खोड मला ठाऊक नाही होय?”

तो सुखावला. एवढ्यात मानेला काहीतरी गुदगुल्या करायला लागलं.

“अगं, ही दोरी काढ. दुकानात परत देऊन टाक.”

“परत?” बायको म्हणाली. “माणसापर्यंत गेलेली वस्तू परत घेत नसतात. रोज जेवताना ऐकवता की.”

त्याने मान खाली घालून दोरीकडे पाहिलं. नव्या चष्म्यातून ती अगदी स्वच्छ दिसत होती.