फाटकासमोरचा बाक

कॉलेजच्या समाजसेवेच्या तासांसाठी चिमीने बसस्टॉपवर बाक हवा म्हणून शंभर सह्या गोळा केल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून येणारी म्हातारी माणसं तिथे ताटकळत उभी असत. सत्राच्या शेवटी ‘सेवेतून मी काय शिकले’ यावर दोन पानं लिहायची होती. बाक बसला की पानं आपोआप भरतील, असं तिला वाटत होतं.

पहिली सही बाबांची. नोंदणी कार्यालयात तेहतीस वर्षं लोकांच्या सह्या तपासून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आता ते स्वयंपाकघर तपासत. डबे उंचीप्रमाणे का नाहीत, गॅस एवढा मोठा कशाला, असं दिवसभर चाले, आणि आई दिवसभर उत्तरं गिळत असे.

“वाचून सही करा हं, बाबा.”

“मला शिकवतेस?” म्हणत त्यांनी न वाचता सही ठोकली.

महिन्याभराने बाबा सकाळी स्कूटर काढायला गेले, तर फाटकाला लागून सिमेंटचा बाक. त्यावर दोन आजोबा पाय पसरून बसलेले. स्कूटर बाहेर निघेना. चिमी तशीच नगरपालिकेत धावली.

कारकुनाने फाइल उघडली. “ठिकाणाच्या रकान्यात काय लिहिलंय, वाच.”

“आमच्या घराचा पत्ता.”

“तिथेच बसवलाय. एक इंच इकडेतिकडे नाही.”

“पण काका, मला वाटलं तिथे माझा पत्ता लिहायचा.”

“अर्जदाराचा पत्ता मागच्या बाजूला. आता काढायचा तर नवा अर्ज, नव्या शंभर सह्या.”

बाबांनी त्याच दिवशी अर्ज सांगितला, चिमीने लिहिला. ‘वाहतुकीस अडथळा, कुटुंबास मनस्ताप.’ खाली बाबांनी झोकात सही केली. उरलेल्या नव्याण्णव मिळवताना मात्र चिमीच्या नाकी नऊ आले. “अगं, तूच तर मागितलास ना बाक?” असं जो तो विचारी. ‘सेवा म्हणजे दुसऱ्याची गरज ओळखणे’ हे निबंधातलं पहिलं वाक्य तिने खोडलं आणि ‘सेवा म्हणजे फॉर्म नीट वाचणे’ असं लिहिलं.

“तोवर मीच बसतो बाकावर,” बाबा म्हणाले. “जागा अडवली की कोणी फिरकणार नाही.”

पहिल्या दिवशी ते पेपर उघडून अगदी मधोमध बसले. दवाखान्यातून आलेल्या एक आजी म्हणाल्या, “जरा सरका हो, भाऊ.” बाबा सरकले. आजींच्या हातात पेन्शनचा फॉर्म होता. बाबांची नजर त्यावर गेलीच.

“ही सही जुन्या सहीशी जुळायची नाही. फॉर्म परत येईल.”

“मग कशी करू?”

बाबांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिघंजण कागद घेऊन हजर. आठवड्याभरात बाबा पॅड आणि दोन पेनं घेऊन बसू लागले, जेवायला तीनदा हाका माराव्या लागू लागल्या. घरात डबे हवे तसे उभे होते आणि आई कित्येक दिवसांनी दुपारची झोपू लागली होती. सह्यांमागे पळणाऱ्या चिमीला यातलं काहीच दिसलं नाही. तिने शंभर सह्या पुऱ्या केल्या आणि अर्ज देऊन आली.

मंजुरी आली. एका सकाळी टेम्पो घेऊन मुकादम फाटकाशी उभा राहिला.

“कोणी सांगितलं बाक काढायला?” बाबांनी बाकावरूनच विचारलं.

मुकादमाने कागद पुढे केला. “पहिली सही तुमचीच दिसतेय, साहेब.”

बाबांनी चष्मा चढवला. सही जवळून पाहिली, लांबून पाहिली. खोटी सही आयुष्यात कधी त्यांच्या हातून सुटली नव्हती.

“ही माझी नाही,” ते म्हणाले.

“बाबा, माझ्यासमोर केलीत तुम्ही,” चिमी म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. माझ्या सहीचं शेपूट असं वर जात नाही.”

मुकादम गोंधळला. “मग आता काय करायचं?”

“हरकतीचा अर्ज. बसा इथे, सांगतो कसा लिहायचा ते. चिमे, कोरा कागद आण.”

चिमी वळली, तर आई कणकेच्या हाताने कागद घेऊन पळत फाटकापर्यंत आलीसुद्धा होती.

“शंभर सह्या लागतील हो, ताई,” मुकादम म्हणाला.

“लागू देत,” आई धापा टाकत म्हणाली. “आधी माझी घ्या.”