सासूबाईंनी शिकवलेली गाडी

"ही गाडी माणसापेक्षा शहाणी आहे!" असं मायलेजने मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं आणि तिथेच घोटाळ्याचा पाया घातला गेला.

मायलेज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या कारखान्यात इंधन वाचवण्याच्या विभागात तो एकटाच होता, आणि घरीही रिकाम्या खोल्यांतले दिवे विझवत फिरायचा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. मोठ्या लोकांना इंधन वाचवायचं असतं ते भाषणात. खोली द्यायची वेळ आली की जिना दाखवतात!

त्याचं म्हणणं साधं होतं. इंजिन आणि गिअर म्हणजे एका घरात राहून अबोला धरलेलं जोडपं. इंजिन उगाच आरडाओरडा करतं, गिअर हट्टाला पेटून जागचा हलत नाही, आणि भुर्दंड पडतो बिचाऱ्या टाकीला. मायलेजने दोघांच्या मध्ये एक डबी बसवली. डबी ड्रायव्हरच्या सवयी शिकायची. तो रोज कुठे थांबतो हे एकदा कळलं, की त्या जागेच्या आधीच इंजिन बंद करायची, गिअर मोकळा सोडायची, आणि गाडी आपल्या वेगातच घरंगळत मुक्कामी पोचायची. पेट्रोल जाळतात ते अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आपटणारे. म्हणून पाय आपटणाऱ्याचं डबीने मुळीच ऐकायचं नाही, हा कडक नियम मायलेजने स्वतः घातला होता. त्याचा त्याला फार अभिमान!

"उद्या मी स्वतः गाडीत बसतो," मीटिंगमध्ये साहेब म्हणाले. "जमलं तर विभाग राहील. नाही जमलं तर तुम्ही तक्रार विभागात."

तक्रार विभाग म्हणजे दिवसभर फोनवर परक्या माणसांच्या शिव्या खायच्या. तिथला मागचा माणूस अजून घराची बेल वाजली तरी "माफ करा" म्हणत दार उघडतो.

एक गोष्ट मात्र मायलेजने कुणाला सांगितली नव्हती. डबीला शिकवण्यासाठी महिनाभर रोज गाडी फिरवायची होती, आणि त्याला आला कंटाळा. घरात सासूबाई होत्या. साठी उलटल्यावर गाडी शिकल्या होत्या, आणि परवाना पर्समध्ये असा ठेवायच्या की पर्स उघडली की आधी तोच दिसावा.

"आई, रोज जरा गाडी फिरवून आणाल का?"

"एवढा आग्रह करताय, तर नाही कसं म्हणू, जावईबापू?" त्या म्हणाल्या. किल्ली तोवर हातात होती!

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी साहेब शेजारी बसले. मायलेजने ऐटीत गाडी काढली. पहिल्या वळणानंतर इंजिन गप्प झालं, आणि गाडी हंसासारखी तरंगत एका शिंप्याच्या दुकानासमोर उभी राहिली.

"वा!" साहेब म्हणाले. "पण इथे का?"

मायलेजने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मग आपटला. मग दोन्ही पायांनी आपटला. डबी ढिम्म! पाय आपटणाऱ्याचं ऐकायचं नाही म्हणजे नाही. तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेला शिंपी धावत आला.

"आज मावशी नाही आल्या? ही त्यांचीच गाडी ना! त्यांचं ब्लाउज तयार आहे. धरा!"

ब्लाउज साहेबांच्या मांडीवर.

"मावशी कोण?" साहेबांनी विचारलं.

"उतरा की, आत बसा दोन मिनिटं. मावशी उतरून बसल्याशिवाय ही गाडी हलतच नाही."

खरंच होतं ते. दोघं खाली उतरले, दारं लावली, पुन्हा बसले, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली!

पुढे रोपवाटिका. गाडी पुन्हा गप्प. माळ्याने खिडकीतून जास्वंदीची कुंडी आत सरकवली. "मावशींना सांगा, गुडघ्याला तेल चोळायला विसरू नका!" साहेबांच्या डाव्या हातात कुंडी, उजव्या हातात ब्लाउज, नाकात माती. एवढा मोठा माणूस, पण सत्यानाश झालेल्या लग्नातल्या वरमाईसारखा दिसत होता.

"मायलेज," साहेब दातओठ खात म्हणाले, "गाडी शिकवली कुणी?"

"सासूबाईंनी," मायलेजचा आवाज टाकीच्या तळाशी गेला होता.

"उद्यापासून तक्रार विभाग! फोन आत्ताच उचलायला लागा!"

पुन्हा उतरून बसल्यावर गाडी टेकडीच्या उताराला लागली. आता तरी वेग दाखवू, निदान लवकर परत तरी जाऊ, म्हणून मायलेजने पाय आपटला. उलट डबीने गिअर खाली आणला. गाडी गोगलगायीसारखी सरपटू लागली. इंजिन चाकांना धरून ठेवत होतं, पेट्रोलचा थेंब जळत नव्हता, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून उद्धार करत होते.

"हाका हो! इथे का रांगतेय ही?"

"ऐकत नाही, साहेब!"

तसंच रांगत गाडीने आंधळं वळण घेतलं, आणि समोर रस्ताभर आडवा पडलेला वाळूचा ट्रक! वेगात असते, तर दोघंही थेट ट्रकच्या पोटात गेले असते. गाडी आपली हलकेच थांबली. रस्त्याच्या कडेने एक कुत्री शेपटी हलवत आली आणि साहेबांच्या दाराशी बसली. ट्रकचा ड्रायव्हर वाळूवर सुखरूप बसून डोकं धरून म्हणाला, "मावशींची गाडी ना? मी रोज पाहतो, इथे थांबून या कुत्रीला बिस्किटं देतात."

साहेबांनी कुंडी मांडीवर नीट ठेवली आणि मीटर पाहिला. पेट्रोल इतकं कमी लागलं होतं की त्यांनी काचेवर बोट आपटून पाहिलं.

"विभाग राहील," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि मला त्या बाईंना भेटायचंय."

मायलेजच्या घरी साहेबांनी ब्लाउज आणि कुंडी सासूबाईंच्या हाती दिली आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या सवयींमुळे मी आज जिवंत आहे." साहेब गेल्यावर मायलेजचे डोळे भरून आले. "आई, माझी नोकरी वाचवलीत. जीवही वाचवलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

सासूबाई संकोचल्या. दारात उभ्या लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"एक सांगू का, जावईबापू? रागावू नका हं. मला कुठेच थांबायचं नव्हतं हो! तुमची गाडीच बंद पडायची. पहिल्या दिवशी शिंप्यासमोर पडली, मग माळ्यापुढे, मग त्या वळणावर. सुरू होईपर्यंत करायचं काय? म्हणून उतरून गप्पा मारायचे. ओळखी झाल्या, कुत्रीही लागली मागे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"एवढ्या हौसेने बनवलीत. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडायचं?"

म्हणजे डबी सासूबाईंच्या सवयी नव्हे, गाडीचं बंद पडणंच शिकली होती! मायलेजने सासूबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले, मग बाहेर गेला आणि गाडीचं बॉनेट उघडून आत वाकला. आता तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं; पण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती!