नलू रांजणाकडे, सायकल घंटेकडे

मी सातवी नापास आहे आणि नेरच्या पंचक्रोशीत माझ्याइतकं नाटक कोणाला कळत नाही! ही दोन्ही विधानं मी छाती ठोकून करतो. मोटार स्टँडसमोर माझं सायकलचं दुकान. पंक्चर काढता काढता मी जेवढं वाचलं, तेवढं बी. ए. वाल्यांनी परीक्षेच्या भीतीनंही वाचलं नसेल!

त्या हिवाळ्यात गावात तंबूतला सिनेमा आला. पिक्चर कॉलेजातल्या पोरापोरींचा. पाहिला आणि डोकं भाकरीच्या तव्यासारखं तापलं. कॉलेज म्हणे! एकाच्या हातात पुस्तक असेल तर शपथ! गोरा आणि श्रीमंत तो हिरो. जाड्या दोस्त फक्त हसवायला. काळासावळा असेल तर गुंड, नाहीतर सामान उचलणारा. चष्मेवाल्या पोरीकडे कोणी बघत नाही. सायकलची टक्कर होते, चष्मा पडतो आणि ती एकदम अप्सरा! अरे, तिला दिसत नसेल त्याचं काय?

एवढ्यावर थांबतं तर मी गप्प बसलो असतो. पण आठ दिवसांत आमचं अख्खं हायस्कूल त्या पिक्चरसारखं वागू लागलं! कापसाच्या अडत्याचा पोरगा देवीलाल गळ्यात रुमाल बांधून हिरो झाला. त्याच्या टोळीनं मधल्या सुट्टीत लिंबाखालची सावली काबीज केली. धर्मपाल वर्गात पहिला येणारा. त्याच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा पोराचं नावही नवं ठेवलं होतं. त्याला टोळी म्हणाली, "तू सामान उचल." तांड्यावरचा भीमसिंग धिप्पाड, म्हणून तो गुंड! आणि चष्मेवाली नलू कोणातच नाही.

मी तडक हेडमास्तरांकडे गेलो. "सर, यंदाच्या गॅदरिंगचं नाटक मी लिहितो."

"श्रावण, तुझी सातवी..."

"नाटक सातवीनं लिहितात का सर, हातानं लिहितात!"

हेडमास्तर हसले. त्यांच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट होतं, कायम कुलूपबंद. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ते म्हणाले, "नाटक चांगलं झालं, तर या कपाटाची किल्ली तुझ्याकडे. फजिती झाली, तर शाळेची पायरी चढायची नाही."

मला आणखी काय हवं होतं! तीन रात्रींत नाटक लिहिलं. धर्मपाल हिरो. देवीलाल सामान उचलणारा. भीमसिंग प्रिन्सिपॉल! नलू हिरॉइन. टक्कर पिक्चरमधल्यासारखीच ठेवली, म्हणजे लोक म्हणतील आता चष्मा गेला! पण माझा हिरो चष्मा उचलतो, पुसतो, तिच्या नाकावर ठेवतो आणि मग शिक्षणावर तीन पानांचं भाषण करतो. ते भाषण ऐकून दगडाला घाम फुटला असता!

अडचण एकच. पोरापोरींची तालीम एकत्र घ्यायची नाही, असा हेडमास्तरांचा हुकूम. पोरांची तालीम मी व्हरांड्यात घेणार, पोरींची शिवणाच्या बसंतीबाई शिवणाच्या खोलीत.

"मंग टक्कर कशी बसवाची?" बसंतीबाईंनी विचारलं.

"बाई, पिक्चर तुम्ही पाहिला, नलूनं पाहिला, धर्मपालनं पाहिला. हुबेहूब तसंच करायचं. झालं!"

नलू म्हणाली, "पण श्रावणभाऊ, आमाले तं पिक्चरमधली अक्षरं उलटी दिसत होती."

"अक्षरांशी काय करायचंय तुले! टक्कर दिसली ना?"

"दिसली जी."

"मंग बस!"

सांगायचं राहिलं. आमच्याकडे तंबूत बायांनी पुरुषांत बसायचं नाही असा रिवाज. पडदा मधोमध टांगायचा. पुरुष पुढच्या बाजूला आणि बाया मागच्या बाजूला, बांबूच्या तट्ट्याआड. पडदा पातळ, चित्र तिकडूनही स्वच्छ दिसायचं.

तालमी जोरात झाल्या. पोरांकडे नलूच्या जागी देवीलाल उभा राहायचा आणि रोज टक्कर खाऊन बोंबलायचा, "मलेच काहून बे?" पोरींकडे बसंतीबाई हातात सूप हँडलसारखं धरून सायकल व्हायच्या. दोन्हीकडे टक्कर अशी बसली की घड्याळ लावून घ्यावं!

गॅदरिंगचा दिवस उजाडला. शाळेचा उंच व्हरांडा म्हणजे आमचं स्टेज. त्याच्या एका टोकाला शाळेची घंटा, दुसऱ्या टोकाला पाण्याचा रांजण. सायकल मागच्या वर्गाच्या दारातून थेट लोकांच्या दिशेनं यायची, ऐन वेळी घंटेकडे वळायची. नलूही घाबरून घंटेकडेच सरकायची. तिथंच टक्कर! ब्रेक करकरू नये म्हणून मी ते आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. थांबवायला नलू होतीच की! घंटेच्या बरोबर खाली पाहुण्यांची खुर्ची. पाहुणे म्हणजे तालुक्याचे मोठे अंमलदार, गळ्यात झेंडूचा हार हा एवढा!

पडदा सरकला. नलू पुस्तकं छातीशी धरून उभी. मागून धर्मपाल बाणासारखा सुटला. लोकांनी श्वास रोखला. धर्मपाल घंटेकडे वळला आणि नलू...

नलू रांजणाकडे सरकली!

सायकलनं हवेला टक्कर दिली, व्हरांडा सोडला आणि गरुडासारखी उडाली! पुढच्या क्षणी पाहुणे खुर्चीसकट आडवे, सायकल त्यांच्यावर, धर्मपाल सायकलवर आणि पाहुण्यांचा हार धर्मपालच्या गळ्यात!

मला डोळ्यांसमोर ते कपाट दिसलं. त्याला आता दोन कुलपं लागलेली!

तेवढ्यात वरून नलूचा आवाज आला. "मी तं बरोबर जागीच हावो! तूच चुकला!"

धर्मपाल पाहुण्यांच्या पोटावरून ओरडला, "मी कायले चुकू? पिक्चरमधी तो इकडंच वयते!"

"तिकडं वयते!"

"इकडं!"

बायांच्या बाजूनं भीमसिंगची आई रुपीबाई उठली. कोपरापर्यंतच्या बांगड्या वाजवत गरजली, "पोरगी खरं सांगून राह्यली! आमी आमच्या डोयानं पाह्यलं!" सगळ्या बाया उठल्या, "रांजनाकडं! रांजनाकडं!" पुरुष चवताळले, "घंटेकडं!" आणि काय सांगू, देवीलाल धर्मपालला हात देऊन उठवत बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "आमचा हिरो बरोबर हाये!" लिंबाची सावली गेली, टोळ्या गेल्या. गावात दोनच टोळ्या उरल्या, बाया आणि बाप्ये!

"शांत व्हा!" हेडमास्तर कडाडले. "तो घंटेच्याच बाजूला वळतो. मी स्वतः दोनदा पाहिलाय!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सिनेमाला जाल तर छड्या खाल, अशी ताकीद याच हेडमास्तरांनी दिली होती!

सायकलीखालून पाहुणे म्हणाले, "बरोबर. घंटेकडेच."

बायांमधून त्यांच्या सौभाग्यवती कडाडल्या, "तुम्ही गप्प पडा हो! रांजणाकडे!"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. उलटी अक्षरं! पोरीनं मला आधीच सांगितलं होतं आणि मी शहाणा तिला गप्प बसवून मोकळा झालो होतो! मी व्हरांड्यावर उडी मारली. "ऐका! दोघंही खरे! बायांनी पिक्चर मागून पाहिला! मागून डावं-उजवं सगळं उलटं दिसतं!"

मग आधी पाहुणे हसले. मग त्यांच्या बाई. मग अख्खा गाव असा हसला की घंटा आपोआप वाजली म्हणतात. माणसं पोट धरून आडवी झाली. मी तीन पानांचं भाषण उघडलं, पहिलं वाक्य म्हटलं, "बांधवांनो, हा समाज आंधळा आहे!" आणि लोक आणखी लोळले! मी जितका चिडलो, तितके ते हसले. "वा रे श्रावण! काय नक्कल करून राह्यला!"

पाहुण्यांनी धर्मपालकडून हार परत घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली तो, देवीलाल आणि भीमसिंग एकत्र बसून नलूच्या टोळीशी भांडत होते. चष्मा शेवटपर्यंत नलूच्या नाकावरच राहिला. पडायला टक्कर तरी व्हायला हवी होती ना!

हेडमास्तरांनी मला बोलावलं. किल्ली हातावर ठेवली. माझे डोळे भरून आले.

"सर, मी गंभीर नाटक लिहिलं होतं हो!"

"असं कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "आणि कपाटातलं गंभीर काही वाचू नकोस. हात बिघडेल तुझा."

वाचलं मी. सगळं कपाट वाचलं. पण गावाला त्याचं काय! मी दुकानात चिडून चार शब्द बोललो की गिऱ्हाईक आधीच पोट धरतं. पिक्चरमधल्या जाड्या दोस्ताला मी शिव्या घातल्या होत्या. तो जाड्या शेवटी मीच निघालो! अंगानं काडी आहे, एवढाच फरक.