शबानाताईचं नेलकटर

शबानाताईच्या हातात कोणाचा हात आला की ती तो सोडत नाही. आधी उलटा करून नखं बघते. ग्रामसभेत सरपंचांनी बोलायला हात वर केला, तर हिने मागून विचारलं, "साहेब, बोलणं झालं की जरा इकडं येता का?" सरपंच खरंच आले. दहाही नखं कापून घेऊन मुकाट्याने गेले.

आम्ही दोघं वर्षभरासाठी बिलोली तालुक्यातल्या एका शाळेत पूर्णवेळ स्वयंसेवक होतो. मी चाकूरकडचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पोरांसमोर उभा राहिलो की माझा आवाजच बसायचा. शबानाताई नांदेडच्या एका टेलरची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला कसली भीती नाही, असं मला वाटायचं.

तिची शिकवायची पद्धत साधी. पोरगं समोर बसवायचं, त्याच्या मांडीवर पुस्तक उघडायचं. एक नख, एक ओळ. "वाच रे राजा. हात माझ्याकडं हाय, आता पळून जाशील कुठं?"

पोरंही हुशार. वाचायला नको म्हणून घरूनच नखं भिंतीला घासून येऊ लागली. ताईने शांतपणे सगळ्यांचे हात बघितले. "हाव का? मग चपला काढा." त्या दिवसापासून पायाची नखं सुरू झाली.

फक्त चौथीतली पूजा वाचायची नाही. हात पुढं करायची, पण ओठ मिटलेले. ताई तिची नखं कापायची आणि दहाही ओळी स्वतःच वाचायची. "आपण जायच्या आधी एक तरी ओळ वाचल का रे ही?" हे मला रोज विचारायची. मी आपला "वाचेल की" म्हणायचो. मला तरी काय माहीत?

शेवटच्या दिवशी पूजा आली. मांडीवर पुस्तक घेतलं, ताईचं नेलकटर उचललं.

"ताई, हात दाखवा. आज मी कापते. वाचते बी मीच."

ताईने हात मागं लपवले. पूजाने ओढून पुढं आणले. कापायला काही नव्हतंच. सगळी नखं मुळापर्यंत कुरतडलेली. वर्षभर मी तिच्या शेजारी बसून जेवलो, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

"नखं कुठं हायत, ताई?"

"काळजी वाटली की बोटं तोंडात जातात गं."

"कशाची काळजी?"

ताईची नजर पूजाच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं गेली. पूजाने ते बघितलं. मग पुस्तकावर बोट ठेवलं आणि अडखळत, पण पूर्ण, एक ओळ वाचली. पुस्तक मिटलं.

"बाकीच्या नऊ तुमची नखं वाढल्यावर. मी थांबते."

नांदेडच्या बसमध्ये ताईचं बोट सवयीने तोंडाकडं गेलं आणि मधेच थांबलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. बस नरसीच्या थांब्याला लागली. तशी ती म्हणाली, "भाऊ, नखं वाढायला किती दिवस लागतात रे?"