मास्तरांचा समुद्र

तपासणीच्या साहेबांनी विषयच असा दिला, की गंगाधर मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त, होड्यांसह, जलरंगात.' कृष्णाकाठच्या त्या शाळेत मास्तर सहा वर्षं हंगामी ड्रॉइंगमास्तर होते. चित्र साहेबांना पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर मे महिन्यापासून घरी. साहेब मूळचे कोकणातले आणि मास्तरांनी सांगली-औंधच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं.

मग ते हरिबा हवालदाराकडे गेले. हरिबा लढाईत बोटीनं बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता.

"हरिबा, समुद्र कसा असतो हो?"

"कसा म्हंजी? लय पानी."

"संध्याकाळी रंग कसा दिसतो?"

"गुळाच्या पाकागत. पिवळं, तांबडं."

"आणि होड्या?"

हरिबा घुटमळला. बोटीवर पाच दिवस त्यानं ओकायच्या बादलीतून डोकं वर काढलं नव्हतं. पण लढून आलेल्या माणसानं हे सांगायचं कसं?

"आवं, होड्या काय! आपल्या काहिलीगतच. जरा मोट्या."

मास्तरांना ते लगेच पटलं. कृष्णेला पूर आला की सारा गाव गूळ कढवायच्या मोठ्या गोल काहिलीत बसूनच पैलतीर गाठायचा. काहील तरते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

रविवारी मास्तर कागद भिजवून बसले. लढाईमुळे सांगलीत निळा रंग मिळत नव्हता, पण पाकाला निळा लागतो कशाला? समुद्र झाला. त्यावर चार गोल काहिली, काठाच्या वर कमरेपासून दिसणारे, वल्ही मारणारे उघडे नावाडी. वाळूसाठी कोरडा कुंचला फिरवला, तर काड्याच काड्या उमटल्या. ढग काढले, ते ओल्या कागदावरून घसरत थेट पाण्यावर उतरले.

"अहो, हे वाफाळतंय काय?" उमाबाईंनी विचारलं.

"ढग आहेत ते."

"मग खाली का आलेत?"

मास्तरांनी चित्र उन्हात वाळत ठेवलं. दुसरा कागद घरात नव्हता.

तपासणीच्या दिवशी साहेबांबरोबर शाळेचे चेअरमन नानासो आले. पन्नास एकर उसाचे धनी. चित्रापुढं ते थबकलेच.

"आरं तिच्या! मास्तर, ह्ये तर आमचं गुऱ्हाळ!"

मास्तरांनी तोंड उघडलं. तोवर नानासोंचं बोट कागदावर टेकलं होतं.

"ह्या बगा साहेब, काहिली. ह्यो गुळव्या पाक ढवळतोय. हिकडं उसाची चिपाडं, वर वाफ. आवं, वास येतोय वास!"

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "खरंच जिवंत आहे हो. पण मास्तर, मी विषय समुद्राचा दिला होता. ते चित्र कुठं आहे?"

मास्तरांनी नानासोंकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले.

"ते... वाळतंय, साहेब."

"वाळू द्या. गुऱ्हाळ असं काढणाऱ्याचा समुद्र पाहायला कशाला हवा?" साहेबांनी तिथंच शेऱ्याच्या वहीत 'कायम करावे' असं लिहून सही ठोकली. "दिवाळीला येईन तेव्हा तो घेऊन जाईन. घरी लावायचाय. आमच्या मातोश्रींचा सगळा जन्म किनाऱ्यावर गेला, त्या लगेच ओळखतील."

संध्याकाळी उमाबाईंनी पेढा पुढं केला. मास्तरांनी तो तोंडात टाकला आणि हळूच विचारलं,

"अगं, रत्नागिरीची गाडी कुठून सुटते गं?"